भामरे सर आणि दोन म्हाताऱ्या

भामरे सर कुठंही नव्या जागी गेले, की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिथलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोधून काढायचे आणि विचारायचे, "इथं पहिलं घर कुणाचं?" गाव असो, गल्ली असो, चाळ असो, प्रश्न तोच. माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा माझ्या सासूबाईंनाही त्यांनी हेच विचारलं. सासूबाईंना वाटलं, हा माणूस घर विकत घ्यायला आलाय. त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, "आपल्याला विकायचं नाहीये म्हणावं."

मी मूळची कराडची. नवऱ्याच्या बदलीमुळं सुरतेला आले आणि तिथल्या उधना भागातल्या एका मराठी शाळेत लागले. शाळेतली बहुतेक मुलं खानदेशातून कापड विणायच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांची. शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे कारखाने होते आणि दिवसभर त्यांची खटखट चालायची. आम्ही नवे शिक्षक घसा ताणून ओरडायचो. भामरे सर मात्र त्या खटखटीच्या ठेक्यातच बोलायचे, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरालाही त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. ते इतिहास-भूगोल शिकवत. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशात खडूचे तुकडे. पेनाच्या जागी खडू ठेवायची सवय, त्यामुळं हजेरीपटावर सही करायला माझं पेन मागायचे आणि परत करताना हमखास खडू हातात द्यायचे.

रविवारी त्यांचा एक उद्योग असे. शाळेतल्या दोनतीन शिक्षकांना गोळा करायचे आणि सुरत दाखवायला न्यायचे. माझ्यासारखीला सुरत म्हणजे साड्या, आणि खायला घारी नि लोचो. सरांची सुरत वेगळीच होती. ती सुरू व्हायची कतारगाम दरवाजाजवळच्या डच लोकांच्या कबरस्तानात. ते भले मोठे घुमट दाखवून सर सांगायचे की हे सगळे व्यापारी इथं फायद्यासाठी आले, तापानं मेले आणि मेल्यावरही एकमेकांशी चढाओढ करत राहिले, कुणाचा घुमट मोठा म्हणून. मग तिथंच एका झाडाखाली बसून आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो. तिथल्या पहारेकऱ्याला पहिल्याच खेपेला सरांनी विचारलं होतं, इथं पहिली कबर कुणाची. त्याला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी गेलो तर बिचारा चौकशी करून उत्तर तयार ठेवून बसला होता.

एवढा गोड माणूस, पण एका बाबतीत भयंकर होता. मराठी शुद्धच पाहिजे. आमची पोरं घरी अहिराणी बोलायची, रस्त्यावर गुजराती, कारखान्याच्या दारात हिंदी, आणि वर्गात या तिन्हींची मिसळ. "सर, आज छुट्टी वहेली पडेल का?" असं कुणी विचारलं की सर फळ्याकडं वळलेले असले तरी गर्रकन फिरायचे. त्या पोरानं "आज सुट्टी लवकर होईल का?" असं पूर्ण वाक्य तीनदा म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे, आणि तोवर सुट्टी झालेली असे. आम्हा शिक्षकांनाही सोडत नसत. मी एकदा बोलण्याच्या ओघात "चालंल की" म्हणाले, तर म्हणाले, "बाई, कऱ्हाड कृष्णेकाठी राहू द्या. इथं 'चालेल' म्हणा."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्यांच्या घरी एक प्रसंग घडला. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात ते, धाकटा भाऊ, भावजय, दोन पुतणे आणि आई. शाळेत ते आईचा उल्लेख 'मातोश्री' असा करत, त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं कुणीतरी भारदस्त बाई होती. प्रत्यक्षात दार उघडलं ते एका चिमुकल्या म्हातारीनं. कपाळावर मोठं गोंदण, डोक्यावर पदर. मला म्हणाली, "ये वं माय, बठ. उनमा वनी, पानी पे." मला सगळं समजलं. तरी सर घाईघाईनं पुढं आले आणि म्हणाले, "आई म्हणतात, या, बसा, पाणी घ्या." मग तासभर असंच चाललं. ती एक वाक्य बोले, सर त्याचं शुद्ध मराठी करून मला देत. शेवटी ती काही गुणगुणत तांदूळ निवडू लागली, तर सर हळूच म्हणाले, "आई, पाहुण्या आहेत." म्हातारी गप्प झाली. माझ्याकडं बघून पदराआड हसली. मलाही तेव्हा हसूच आलं. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सुरतेत प्लेग आला होता, त्यानंतर दोनेक वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, आमच्या शाळेतल्या चौघांना मॉरिशसला जायचा योग आला. तिथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, आणि त्यांच्या पोरांना शाळेत मराठी शिकवतात. तिथल्या शिक्षकांना आपल्याकडचे शिक्षक बघायचे होते. ओळखीतून ओळख निघाली आणि आमची नावं गेली. भामरे सरांनी तोवर आयुष्यभर फळ्यावर बेटं काढली होती, हात न उचलता, एका रेघेत. खरं बेट पाहिलेलं नव्हतं. ते महिनाभर झोपले नसावेत. विमानात खिडकी मिळावी म्हणून ते माझ्याशी जे गोड गोड बोलले, ते मी अजून विसरलेले नाही.

विमानतळावरच पहिला घोटाळा झाला. तिथल्या अधिकाऱ्यानं सरांची बॅग उघडली, तर शर्टांच्या प्रत्येक घडीत एक एक बिबडं. बिबडं म्हणजे खानदेशात करतात तो ज्वारीचा मोठा पापड. म्हातारीनं गुपचूप भरून दिली होती. अधिकाऱ्यानं एक वर करून उजेडात धरलं आणि हे काय म्हणून विचारलं. सरांना इंग्रजीत बिबडं सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "मदर." अधिकारी हसला आणि त्यानं बॅग बंद करून दिली.

आमची व्यवस्था लीला नावाच्या शिक्षिकेकडं होती. चाळिशीची, हसरी बाई. दारात आम्हाला ओवाळलं आणि म्हणाली, "आपला प्रवास सुखरूप झाला ना? कृपया आसन ग्रहण करा. मी जलपान आणते." आम्ही तिघं एकमेकांकडं बघू लागलो. सरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. ज्या मराठीसाठी त्यांनी उधन्यात जिवाचं रान केलं, ती त्यांना सात समुद्रापार एका घराच्या ओसरीवर भेटली होती. दोन दिवस ते हवेत होते. लीलाताईशी तेही तसंच बोलू लागले. जेवताना "किंचित वरण वाढता का?" वगैरे. लीलाताई नवऱ्याशी, पोरांशी मात्र तिथल्या क्रेओल भाषेत बोलायची, आणि ते बोलणं नळ सोडल्यासारखं धो धो वाहायचं.

त्या आठवड्यात लीलाताईच्या मनात आम्हाला समुद्रकिनारे दाखवायचं होतं. बाकीचे दोघं आनंदानं गेले. सरांनी कबरस्तान मागितलं. मग उसाचे मळे मागितले. मळ्यामळ्यांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसत होते, घराएवढे. सरांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्याला गाठून लीलाताईकरवी आपला प्रश्न विचारला. म्हातारा हसला. म्हणाला, घर कुठलं, इथं आधी नुसते दगड होते. आपल्या लोकांनी ते हातांनी वेचून बाजूला रचले, तेव्हा ऊस उभा राहिला. सर ढिगाजवळ गेले, एक दगड दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि परत जागच्या जागी ठेवला.

बंदरावरही गेलो. बोटीतून उतरलेले मजूर ज्या पायऱ्यांवरून वर आले, त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. सरांनी चपला काढल्या. वर चढून गेले, वळले, समुद्राकडं बघत उभे राहिले. मी वाट बघत होते की आता कुणाला तरी पहिलं घर विचारतील. काही विचारलं नाही. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, माझे वडील उधना स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती." वडिलांबद्दल ते बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

चौथ्या दिवशी लीलाताई आम्हाला तिच्या सासूबाईंकडं जेवायला घेऊन गेली. सावित्रीआजी. ऐंशीच्या पुढच्या, उसाच्या मळ्याला लागून घर, दारात तुळस आणि आंब्याचं झाड. त्यांना मराठी बोलता येत नव्हतं. पण त्यांच्या आईनं शिकवलेली गाणी येत होती. गणपतीत तिथं बायापुरुष फेर धरून नाचतात, झाकरी म्हणतात त्याला. त्यातलं एक लांबलचक गाणं आता गावात फक्त आजींना येत होतं. दरवर्षी त्याच म्हणायच्या आणि बाकीचे ठेका धरायचे. आजी आमच्यासाठी म्हणू लागल्या. आवाज बारीक पण खणखणीत. बोटीत बसलेल्या भावाला काठावरची बहीण काय काय सांगते, असं ते गाणं होतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि तिसऱ्या कडव्याला भामरे सर म्हणाले, "थांबा, थांबा. हे अशुद्ध आहे. हे असं हवं."

सवयच ती. वर्गात पोरांना म्हणायचे तसं ते सहज म्हणून गेले, आणि बरोबर ओळ काय ती म्हणूनही दाखवली. लीलाताईनं आजींना ते सांगितलं. आजींनी मान हलवली, हात मांडीवर ठेवले आणि गाणं तिथंच संपलं. त्या क्रेओलमध्ये काहीतरी हळू आवाजात बोलल्या. लीलाताई सरांकडं वळली. मग म्हणाली, "आई म्हणतात, म्हणजे माझ्या आईनं चूक शिकवलं. इतकी वर्षं गणपतीपुढं मी चुकीचं म्हणत होते. आता नाही म्हणणार."

आम्ही सगळ्यांनी समजूत घातली. आजी हसून सगळ्यांना चहा देत होत्या, पण गायला तयार होईनात. सर पांढरेफटक पडले होते. मग लीलाताईच बोलली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचं मराठी पुस्तकातलं वाटलं नाही. "सर, आम्हाला येतं ते शाळेतलं मराठी. घरातलं गेलं. आमच्या घरातलं एवढंच उरलंय, आईंच्या तोंडात. ते तुम्ही चूक नका म्हणू."

सर उठले, आजींच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "आजी, चूक माझी झाली. तुमच्या आईचं बरोबर होतं." मग काय करावं ते न सुचून त्यांनी पिशवीतून बिबडी काढली. आजींनी एक तुकडा तोंडात टाकला. कुणी केलं, लीलाताईकरवी विचारलं. माझ्या आईनं, सर म्हणाले. ती गाते का? हो, गाते. मग तिचं एक म्हणून दाखव.

सरांनी तोंड उघडलं. एक ओळ म्हणाले. दुसरी अर्धी. पुढं त्यांना येईना. ज्या माणसाला जगातल्या नद्यांची नावं उगमापासून पाठ होती, त्याला आपल्या आईचं एक गाणं येत नव्हतं. मग आजींनी सरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक अट घातली. तुझ्या आईचं गाणं मला ऐकव, मग मी माझं म्हणेन. लीलाताई म्हणाली, कॅसेट पाठवा, पण गणपतीच्या आत पाठवा. सरांनी शब्द दिला.

उधन्याला परत आल्यावर हा शब्द पाळणं किती अवघड आहे ते कळलं. सरांनी टेपरेकॉर्डर आणला, आईपुढं ठेवला आणि गाणं म्हणायला सांगितलं. म्हातारीनं टेपकडं बघितलं, लेकाकडं बघितलं आणि म्हणाली, "तीस वरीस मन्हं तोंड दाबी ठेवं. तुले लाज वाटे ना मन्ही बोलीनी? आते कसाले जोयजे?" आता कशाला हवी, हा तिचा प्रश्न रास्तच होता. जून गेला, जुलै गेला. सर रोज शाळेतून गेल्यावर तिच्याजवळ बसत. तिच्याशी तिच्या बोलीत बोलायचा प्रयत्न करत आणि ती खदखदून हसे, कारण तीस वर्षांत त्यांची अहिराणीही पुस्तकी होऊन गेली होती. शेवटी ती एवढं कबूल झाली की गाणी कानबाईची आहेत, ती कानबाईलाच म्हणायची, उगाच बसल्याजागी नाही.

कानबाई म्हणजे खानदेशातली श्रावणातली देवी. नारळाला नथ-डोळे लावून मांडतात, गव्हाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करतात. रोटाचे गहू घेण्याची त्यांची एक रीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्या गव्हांचा रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही. त्या शनिवारी दुपारी सरांनी मला बोलावून घेतलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, पलीकडं लूम खटखटत होते, टेप सुरू होता. म्हातारी एकेक नाव घेत गहू टाकत होती आणि गात होती. काय आवाज होता. मी दोन वर्षं त्या घरी जात होते आणि मला पत्ता नव्हता. सर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते.

थोरल्या लेकाचं झालं, धाकट्याचं झालं, नातवांचं झालं. सूप बाजूला सरकवायच्या आधी म्हातारी थांबली.

"नामदेव, त्या बाईनं नाव काय शे?"

"सावित्री," सर म्हणाले.

तिनं सव्वा मूठ गहू घेतले आणि सावित्रीचं नाव घेऊन सुपात टाकले. बायका चपापल्या. एक जण म्हणालीच, असं कसं, ती बाईमाणूस, शिवाय परकी. म्हातारीनं मान वर केली नाही, नुसतं लेकाकडं बोट दाखवलं. "तिनी मन्हा आंडोरले जेवाडं. ती घरनीच शे. तिले रोट धाडना शे, मंग मूठ नको?"

दुसऱ्या दिवशी रोट झाला, आणि सोमवारी कानबाईला निरोप दिल्यावर त्यातला एक तुकडा, वर तीन कॅसेटी, असं पार्सल सरांनी स्वतः शिवलं. पत्त्याची अक्षरं त्यांनी नकाशावरच्यासारखी सुबक काढली. मग गणपती आले. आम्ही रोज शाळेत सरांच्या तोंडाकडं बघायचो आणि काही न विचारता वर्गावर जायचो. गणपती गेले. काहीच कळलं नाही. सर वर्गात पोरांना हल्ली फारसे अडवत नसत. एका पोरानं 'वहेली छुट्टी' मागितली तर त्यांनी ती देऊन टाकली, आणि सगळा वर्ग काळजीत पडला.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी त्यांचा पुतण्या मला बोलवायला आला. मी गेले तेव्हा सर आणि म्हातारी टेपपुढं बसले होते. पार्सल वेळेत पोचलं होतं. लीलाताईचं पत्र होतं, की रोट दगडासारखा टणक झाला होता, आजींनी तो दुधात भिजवून आधी स्वतः खाल्ला आणि मग घरातल्या सगळ्यांना कण कण दिला. गणपतीपुढं त्या गायल्या, पूर्ण गायल्या. तेच सोबतच्या कॅसेटमध्ये होतं.

सरांनी बटण दाबलं. आधी आजींचा आवाज आला. लीलाताईनं शिकवलेले शब्द त्या एकेक करून सावकाश म्हणत होत्या, "ताई, तुमचा रोट मिळाला. तुमचा मुलगा चांगला आहे." मग मागं ठेका सुरू झाला, आणि ती बोट, तो भाऊ, ती काठावरची बहीण. तिसरं कडवं आलं. ओळ आजींच्या आईनं शिकवली होती तशीच आली. सरांनी डोळे मिटून घेतले होते. म्हातारीला शब्द फारसे समजत नसावेत, पण पहिल्या कडव्यानंतर तिनं मांडीवर ताल धरला होता, आणि शेवटाला तिचं सगळं अंग डुलत होतं.

गाणं संपलं. टेप नुसताच खरखरत राहिला. मला वाटलं म्हातारी रडेल. तिनं पदर नीट केला, घसा साफ केला आणि लेकाच्या गुडघ्यावर चापट मारली.

"बंद कर ते. आते मी म्हनस."

भामरे सर धडपडत उठले आणि कोरी कॅसेट शोधायला लागले. फळीवर बघितलं, कपाटात बघितलं, पुतण्याचं दप्तर उपडं केलं. चष्मा टेपजवळच राहिला होता. ते सगळं घर चाचपत हिंडत होते, आणि म्हातारी त्यांची वाट न बघता केव्हाच गायला लागली होती.